पाय अधू झालेली ब्रॉयलर कोंबडी पुन्हा चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पोल्ट्री शेडमधून सोडवून आणलेली ब्रॉयलर (मांसासाठी झटपट वाढवलेली) कोंबडी आठवडाभर बसूनच आहे, तिला चालतं कसं करायचं? माझ्याकडे अशीच एक आली होती. तिच्यावरून सांगते, चालणं नंतर बघू, आधी तिची कातडी सांभाळा.

बसलेल्या कोंबडीचा सगळा भार छातीच्या हाडावर येतो. खाली ओली विष्ठा असली की त्यातल्या अमोनियाने कातडी भाजते, फोड येतो, मग जखम चिघळते. मी पहिले काही दिवस नुसते पाय बघत बसले. छातीखालची पिसं बाजूला केली तेव्हा तिथे लालभडक चट्टा! त्यानंतर टॉवेलाची जाड घडी, मधे खळगा, आणि दिवसातून चार वेळा टॉवेल बदलणं सुरू केलं. मागची बाजू कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, नाहीतर माश्या तिथे अंडी घालतात.

पाय का गेला हे पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडूनच कळेल. एक पाय पुढे, एक मागे ताणलेला असेल तर मॅरेक्स रोगाची शंका घ्यावी लागते. त्यावर इलाज नाही आणि तो पिसांच्या कोंड्यातून पसरतो, तेव्हा बाकीच्या कोंबड्यांपासून तिला लांब ठेवा. बोटं मुठीसारखी आत वळली असतील तर बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं, तिथे लवकर उपचार झाले तर फरक पडतो. ब्रॉयलरचं मूळ दुखणं मात्र वजन. साधारण ६ आठवड्यांत ती दोन किलोच्या पुढे जाते, पाय तेवढ्या वेगाने पक्के होत नाहीत. म्हणून खाद्याचं भांडं सतत भरलेलं नको, मोजून द्या. पाणी मात्र बसल्या जागी चोच पोचेल असं कायम ठेवा.

व्यायामाला कापडाची झोळी करा. पायांना दोन भोकं, विष्ठेला एक, पंजे जमिनीला जेमतेम टेकतील इतकी उंची. सुरुवातीला पाचच मिनिटं. आणि छाती अजिबात आवळू नका! पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा) नसतं, छातीचं हाड खालीवर झालं तरच श्वास चालतो. घट्ट बांधलेली कोंबडी गुदमरून मरते. चोच उघडून धापा टाकू लागली की लगेच उतरवा.

माझी कोंबडी नीट चालली नाही कधीच. तिसऱ्या आठवड्यात पंख टेकवत दोन पावलं टाकून भांड्यापाशी गेली, तेवढंच. पण रोज उन्हात बसून पिसं साफ करायची, मला बघून आवाज द्यायची. खाणं आणि पिसं साफ करणं दोन्ही थांबलं असतं तर मी वेदनारहित मरणाबद्दल पशुवैद्यांशी बोलले असते.

तुमच्या कोंबडीचं वजन आणि बोटं कशी वळतात, ते लिहा.