समुद्रकाठच्या लहान शहराने झाडं आणि पर्यावरण जपताना आधी काय हाती घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं शहर लहान आहे, समुद्राला लागून आहे, नगर परिषदेने पर्यावरण आणि झाडांबाबत नागरिकांकडून सूचना मागवल्या आहेत, आणि पैसा थोडा असल्याने आधी काय धरावं ते सुचत नाही. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. समुद्र आमच्यापासून सात-आठशे किलोमीटर लांब. पण अशीच बैठक आमच्याकडे झाली तेव्हा झाडांची वही घेऊन वार्डावार्डात फिरणाऱ्यांत मी होतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

जे एकदा गेलं की आपल्या हयातीत परत येत नाही, ते आधी. म्हणजे उभी असलेली मोठी झाडं आणि त्यांना पोसणारं पाणी. नवी रोपं सगळ्यात शेवटी. आमच्या पहिल्या यादीत नेमकं उलटं होतं. सगळ्यात वर रोपं लावण्याचा आकडा, आणि जुन्या झाडांचं नावही नाही.

यादी बदलली ती वहीमुळे. आम्ही रकाने साधेच आखले होते: झाड कोणतं, कुठे आहे, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर किती. एका शिक्षकाने सुचवलं म्हणून शेवटी आणखी एक रकाना घातला, ‘त्रास’. आठ दिवसांनी वही उघडून बसलो तर सगळं त्या रकान्यातच होतं. कुऱ्हाडीने मरणारी झाडं थोडी. बुंध्याशी कचरा जाळलेला, खोडापर्यंत गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवलेले, एका बाजूने नाली खोदून मुळं तोडलेली, खिळे ठोकून पाट्या लावलेल्या, लोखंडी जाळी खोडात रुतलेली. हेच पानापानावर.

आठवडी बाजारातली चिंच घ्या. घेर सव्वाचौदा फूट, दोघांनी कवेत घेतली तरी हात पोचत नाहीत. पूर्वेकडून बघितली तर धडधाकट. मागे गेलो तर गुडघ्यापासून कमरेपर्यंत साल काळी पडून सुटलेली. बोट लावलं तर भुगा हातात आला. झाडणारी माणसं पहाटे पाचोळा तिथेच गोळा करून पेटवून देत, कारण कचरागाडी त्या कोपऱ्यापर्यंत यायची नाही. सालीखालचा ओला थर भाजला की त्या बाजूने झाडाचं अन्न खाली मुळांकडे जाणं थांबतं, मग बुरशी आणि वाळवी शिरते, आणि दोन-चार वर्षांनी वादळात झाड नेमकं तिथूनच मोडतं. तेव्हा लोक म्हणतात, झाड म्हातारं झालं होतं. हे थांबवायला फार पैसा लागला नाही. बाजाराच्या मागे पाचोळ्याचे दोन खड्डे खणले आणि गाडीचा रस्ता बदलून घेतला. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आहे, साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड आहे. पण आमच्याकडे काम केलं ते खड्ड्यांनी.

गट्टूंचंही तसंच. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवले की पाणी आणि हवा दोन्ही बंद. याच लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. तुमच्या सूचनांमध्ये ही ओळ जरूर घाला, आणि रस्त्याच्या किंवा नालीच्या प्रत्येक कामाच्या करारात ती छापून घ्या. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. ठेकेदाराला हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे एका अवकाळीत कडुनिंब उन्मळून ऑटोवर पडला, आणि दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरची सगळी मोठी झाडं तोडा म्हणून अर्ज आला. वही काढून बघितलं तर आदल्या वर्षी नालीसाठी त्याच झाडाची एका बाजूची मुळं सरळ कापली होती. तुमच्याकडे ही भीती जास्त असणार. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, ते लोक विसरलेले नाहीत. म्हणून धोक्याचं झाड कोणतं हे जाणकाराने बघून ठरवावं आणि ते लेखी असावं, घाबरून सरसकट तोड नको.

कायद्याचं थोडक्यात. शहरी भागासाठी महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणारी समिती, आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावायची आणि वर्तमानपत्रात द्यायची. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष ठरवलं. तेव्हा शेवटची वृक्षगणना कधी झाली, हा तुमचा पहिला अर्ज असू द्या. गणना नसेल तर पन्नास वर्षांचं झाड कोणतं हे कोणीच सांगू शकत नाही, आणि मग कायदा कागदावरच राहतो.

आता पाणी. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, आणि गावोगावी बोड्या, म्हणजे लहान तळी. आमच्या गावातली एक बोडी बुजवून तिथे गाळे बांधले. त्यानंतर त्या वार्डातल्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवू लागल्या. बोडी असेपर्यंत ती रिकामी जागा वाटायची. कडेला बेशरमची झुडपं वाढलेली, डुकरं लोळणारी, म्हणून कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही, आणि त्याचं दुःख आजही आहे. तुमच्या खाडीकाठचे तिवर (खारफुटी) आणि खाजणं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदली, लोकांना अशीच चिखलाची पडीक जागा वाटत असणार. ती भरावाखाली जाण्याआधी नकाशावर आणा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरतोड थांबवली आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला. जमीन खासगी असली तरी. वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्यातही आमच्या मोह, साग, चिंच, ऐन यांच्या यादीतच तिवरांना जागा आहे. वादळाची लाट शहरात शिरण्याआधी तिचा जोर मोडतात ते तिवर, आणि मासे, खेकडे, कोळंबी वाढतात तीही त्यांच्याच मुळांत. वाळूच्या टेकड्यांवरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि केवडाही ‘सुशोभीकरणा’च्या नावाखाली उपटू देऊ नका. मर्यादवेल हे नाव कोणी दिलं माहीत नाही, पण वेल कोणत्या कामाची आहे ते देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

एवढं झाल्यावर लागवड. राज्यात २०१६ ला दोन कोटींपासून सुरुवात होऊन २०१९ ला तेहतीस कोटींपर्यंत लागवडीचे संकल्प झाले. आमच्या रस्त्यालाही खड्डे झाले, रोपं आली, फोटो निघाले. इथे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो आणि काळी माती भेगाळून मुळं उघडी पडतात. पहिल्या पावसावर रोप जगतं, मरतं ते पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून आम्ही मोजणीच बदलली. लावली किती ते लिहायचं नाही, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जूनमध्ये उभी किती ते लिहायचं. आकडा एकदम लहान झाला, पण प्रत्येक रोपामागे पाणी घालणारं एक घर नक्की झालं. तुमच्याकडे पाऊस मुबलक, त्रास खाऱ्या वाऱ्याचा. उंडी, भेंड, करंज हे तो सोसतात. लवकर हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस हे परदेशी झाड लावू नका. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली.

एक व्यवहाराची गोष्ट. राज्याचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर नगर परिषदांना गुण देतं. तुमच्या सूचना त्याच पाच मथळ्यांखाली लिहून द्या. अधिकाऱ्यांना त्या उचलणं सोपं जातं.

आणि ठरवायला कोणाला बसवायचं? गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव मतदानाने निर्णय घेत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतं. २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला त्यामागे वर्षांनुवर्षांची ही सवय आहे. शहरात ते पुरतं जमत नाही, पण निदान ज्यांचा दिवस झाडाखाली जातो त्यांना तरी विचारा. आमच्या बैठकीत सगळ्यात कामाचं बोलली ती चिंचेखाली भाजी विकणारी मावशी. “चिच गेली तर मी बसू कुठी? उन्हात सांभार बारा वाजेलोक मान टाकते.” सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. सावली सरकते तसं तिचं पोतं सरकतं. सकाळी पश्चिमेला, तीननंतर नालीच्या बाजूला, हे ती बोटाने दाखवत होती. तिच्यामुळे आमच्या यादीत बाजार, एसटी स्टँड, दवाखाना आणि शाळा इथली झाडं सगळ्यात वर गेली. नुसत्या घेरावर यादी लावली असती तर दवाखान्यापुढचं बारकं करंज कुठेच आलं नसतं, आणि त्याच्याखाली रोज पन्नासेक माणसं नंबर लावून उभी असतात.

तुमच्या सूचना द्यायला किती दिवस उरलेत ते तुम्ही लिहिलं नाही. थोडेच असतील तर सगळं शहर फिरू नका. बाजाराच्या दिवशी सकाळी अकराला वही घेऊन जा, मासळीवाल्या आणि भाजीवाल्या कुठल्या झाडाखाली बसल्या आहेत ते टिपा, आणि त्या प्रत्येक झाडाच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा.