मॉसी सेल्स मेल्या म्हणूनच फिट येतात का?

तुमच्या भावाच्या एमआरआयमध्ये डाव्या हिप्पोकॅम्पसचं (स्मरणशक्तीशी जोडलेला मेंदूचा भाग) स्क्लेरोसिस, म्हणजे पेशी मरून तो भाग आक्रसलेला, दिसलंय आणि 'मॉसी सेल्स मेल्या की फिट सुरू होतात' असं तुमच्या वाचनात आलंय. हे अर्धंच खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट गायरसमध्ये हायलस नावाचा लहानसा भाग असतो. मॉसी सेल्स या तिथल्या चेतापेशी. आकाराने मोठ्या, आणि डेंड्राइट्सच्या (संदेश घेणाऱ्या फांद्यांच्या) बुंध्याशी काटेरी गाठींसारखे फुगवटे. शेजारच्या ग्रॅन्युल सेल्सचे तंतू याच फुगवट्यांवर येऊन टेकतात. मॉसी सेल उलट त्याच ग्रॅन्युल सेल्सना चेतवते, पण त्यांना आवरणाऱ्या बास्केट सेल्सनाही चेतवते. एवढंच नाही, तिचा ॲक्सॉन (संदेश पुढे नेणारा लांब तंतू) मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसपर्यंत जातो. दीर्घ फिटनंतर ज्या पेशी सर्वांत आधी बळी पडतात, त्यांत या येतात.

खरा वाद इथून पुढे आहे. मेंदूसंशोधक रॉबर्ट स्लोविटर यांचं म्हणणं असं, की मॉसी सेल्स गेल्या की बास्केट सेल्स जिवंत राहूनही निष्क्रिय होतात आणि ग्रॅन्युल सेल्स मोकाट सुटतात. दुसरे संशोधक इव्हान सोल्टेझ यांच्या गटाने उलट बाजू मांडली: गेलेल्या नव्हे, तर वाचलेल्या मॉसी सेल्सच आग वाढवतात. २०१२ मध्ये आणखी एका गटाने उंदरांत फक्त याच पेशी मारून पाहिल्या. ग्रॅन्युल सेल्स काही काळ अतिउत्तेजित झाल्या, पण आपोआप फिट आल्या नाहीत. बिघडलं ते वेगळंच. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जागांतला फरक त्या उंदरांना नीट कळेना.

मग २०१८ मध्ये सोल्टेझ यांच्याच प्रयोगशाळेने अपस्मार झालेल्या उंदरांत वाचलेल्या मॉसी सेल्स जनुकीय तंत्राने प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या केल्या आणि प्रकाश टाकून त्या चालू-बंद केल्या. चालू केल्या तेव्हा हिप्पोकॅम्पसमधली फिट अंगभर झटक्यांपर्यंत कमी वेळा पोचली. बंद केल्या तेव्हा जास्त वेळा. म्हणजे जुनाट आजारात या पेशी आवर घालतात. पण पुढच्याच वर्षी संशोधक हेलन शार्फमन यांच्या गटाला सुरुवातीच्या तीव्र अवस्थेत त्याच पेशी फिट वाढवताना दिसल्या. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष पटण्यासारखे आहेत, कारण आजाराची वेळ वेगळी आहे.

तेव्हा रिपोर्टवरून 'पेशी मेल्या, आता काही होणार नाही' असा अर्थ काढू नका. स्क्लेरोसिसमध्ये हिप्पोकॅम्पसच्याच सीए१ नावाच्या भागातल्या पेशीही जातात, सगळा दोष एकाच पेशीवर टाकता येत नाही. औषधं मनाने बंद करू नका. नीट निवडलेली दोन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील, तर एपिलेप्सी सर्जरी होते अशा केंद्रात तपासणी करून घ्या. वर्षानुवर्षं तिसरं, चौथं औषध बदलत बसण्यात वेळ जातो. कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत टेम्पोरल लोबमधून (मेंदूचा कानशिलाजवळचा भाग, हिप्पोकॅम्पस यातच असतो) फिट येणारे ८० रुग्ण होते; वर्षाअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून सर्जरी गटातले ५८ टक्के मुक्त होते, फक्त औषधांवरचे ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ही सर्जरी होते.

बाजू डावी आहे, आणि शब्दांची स्मृती बहुधा डाव्या बाजूशी जोडलेली असते, म्हणून सर्जरीचा विषय निघाला तर आधी शब्दस्मरणाची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (स्मृती, भाषा अशा क्षमता मोजणारी) झालीच पाहिजे, असा आग्रह धरा. आणि नावं, निरोप, ठेवलेल्या वस्तू तो विसरतो का, हे डॉक्टरांना आत्ताच सांगा. फिटच्या गडबडीत ही तक्रार घरचे सांगतच नाहीत.