साल्व्हियाला पानं भरपूर आहेत, पण पहिला बहर सरल्यावर पुन्हा तुरे येत नाहीत. काय करावं?

कुंडीतला लाल साल्व्हिया, रोज पाणी, दर पंधरवड्याला शेणखत असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते खत जास्त होतंय आणि कात्री कमी चालतेय. खतातलं नत्र (नायट्रोजन) वाढलं की साल्व्हिया पानांवरच खूश राहतो. महिना-दीड महिना खत बंद ठेवा. पाणीही वरची माती बोटाला कोरडी लागली तरच द्या, कारण सतत ओल्या मातीत याची मुळं कुजतात.

आता छाटणी. लाल साल्व्हियात, म्हणजे साल्व्हिया स्प्लेंडेन्समध्ये, एक फसवी गोष्ट आहे. फुलाची नळी लवकर गळते, पण तिच्यामागचा लाल पेला बरेच दिवस टिकतो. त्यामुळे तुरा फुललेलाच आहे असं वाटतं आणि कापायला हात धजत नाही. तुऱ्याचा खालचा अर्धा भाग फिका पडला की वाट पाहू नका. खाली येत पहिली चांगली पानांची जोडी शोधा. त्या पानांच्या बेचक्यात बारीक कोंब दिसतील, त्यांच्या जरा वर कापा. पानं समोरासमोर असल्याने एका कापाला सहसा दोन फांद्या फुटतात आणि दोन्हींवर तुरे येतात. तुळशीची मंजिरी खुडली की ती दाट होते ना, तसंच हे, कुळही एकच. रोप लहान असताना तीन-चार जोड्या पानं आली की शेंडा खुडला, तर ते मुळातच उंच आणि किडकिडीत होत नाही.

सगळे साल्व्हिया मात्र असे कापू नका. मखमली जांभळ्या तुऱ्यांचा ल्यूकँथा दिवस लहान होऊ लागल्यावर फुलतो. कळ्या धरायच्या सुमारास छाटला तर तो हंगाम गेलाच. ग्रेगीसारखी झुडपं जून, निष्पर्ण लाकडापर्यंत कापली तर तिथून फुटतीलच असं नाही.

ऊन म्हणाल तर लाल साल्व्हियाला कडक उन्हाळ्यात दुपारची सावली मानवते. निळा फॅरिनेशिया दिवसभराच्या उन्हातही टिकतो, आणि खरं सांगू का, एकच लावायचा तर मी तोच लावेन.

फुलं असताना कीटकनाशक फवारू नका. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा. अनेक साल्व्हियांच्या फुलात पुंकेसरांची चक्क तरफ असते: मधमाशी आत डोकं घालते, तरफ दाबली जाते आणि परागकण तिच्या पाठीवर पडतात. जवळ बसून बघण्यासारखा प्रकार आहे!

छाटलेल्या फांद्यांपैकी तुरा नसलेल्या कोवळ्या फांद्या टाकू नका. बोटभर लांबीचे तुकडे करा, खालची पानं काढा आणि ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, सावलीत खोचून ठेवा. काही आठवड्यांत मुळं धरतात. बियांपासून करणार असाल तर लाल साल्व्हियाचं बी मातीखाली गाडू नका, नुसतं वर दाबा. रुजायला त्याला उजेड लागतो.