इंजेक्शनपेक्षा लपवणंच महाग पडतंय

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

‘ताई, माझं वय ४४. नोकरी करते. पाच वर्षांपूर्वी भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी पहिल्यांदा बोटॉक्सचं इंजेक्शन घेतलं. मग कपाळ झालं, मग डोळ्यांच्या कडा, आणि दोन वर्षांपासून गालांत फिलर, म्हणजे गाल भरीव दिसावेत म्हणून टोचायचं इंजेक्शन. आता वर्षाकाठी माझा जवळजवळ एका महिन्याचा पगार यात जातो. घरात कुणाला माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात जुन्या पर्समध्ये नवऱ्याला पावत्या सापडल्या. “पाच वर्षं मला अंधारात ठेवलंस” म्हणाला आणि आठवडाभर धड बोलला नाही. नणंदेला कळलं, तर ती म्हणाली, “वहिनी, या वयात हे कशाला?” लाज वाटते, पण थांबायचीही भीती वाटते. मध्यंतरी असर उतरला होता, तेव्हा एका जवळच्या लग्नालाही डोकं दुखतंय सांगून गेले नाही. परवा माझी सोळा वर्षांची मुलगी आरशासमोर दोन बोटांनी कपाळ ताणून बघत होती. बंद केलं तर चेहरा आधीपेक्षा वाईट होईल का? एक बाई घरी येऊन एक तृतीयांश पैशांत करून देते, तिच्याकडून घेऊ का? आणि नवऱ्याला काय सांगू?’

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या घरी येणाऱ्या बाईंचं सांगते, कारण बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, याला नाही. त्यांच्याकडून काहीही टोचून घेऊ नका. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. फिलर चुकून एखाद्या रक्तवाहिनीत गेलं तर तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा बंद पडतो, कातडी मरू शकते, आणि क्वचित का होईना, डोळा कायमचा जातो. अशा वेळी हायलुरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज तातडीने द्यावं लागतं. ते औषध जवळ हवं, आणि काय घडतंय हे ओळखणारा डॉक्टर समोर हवा. बाटलीत काय आहे हा प्रश्न वेगळाच. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणि रोग नियंत्रण केंद्राने बनावट बोटॉक्सबद्दल इशारे दिले होते. घरात किंवा स्पामध्ये, नाहीतर परवाना वा प्रशिक्षण नसलेल्यांकडून इंजेक्शन घेतलेल्या बायका आजारी पडल्या होत्या, काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. खर्च कमी करायचा असेल तर इंजेक्शनं कमी करा, डॉक्टर कमी करू नका.

आता तुमची भीती. बंद केल्याने चेहरा आधीपेक्षा वाईट होत नाही. बोटॉक्सच्या इंजेक्शनमधलं बोट्युलिनम टॉक्सिन नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथे काम करतं. स्नायूला आखडायचा निरोप पोहोचवणारं रसायन ते नसेच्या टोकातून सुटू देत नाही, म्हणून स्नायू सैल राहतो आणि वरची कातडी मुडपत नाही. तीन-चार दिवसांत फरक जाणवायला लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, आणि तीन-चार महिन्यांत नस पुन्हा आपलं काम करू लागते. आठी परत येते, ती तिच्या जागी. त्यात भर पडते ती फक्त मधल्या पाच वर्षांच्या वयाची, आणि ती तुम्ही इंजेक्शन घेतलं नसतं तरी पडलीच असती. उलट इतकी वर्षं ते स्नायू कमी आखडले, त्यामुळे काही घड्या थोड्या उथळही राहिल्या असतील. गालातलं फिलर साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतं, काहींच्या चेहऱ्यात त्याहूनही जास्त. ते हळूहळू विरतं, एका रात्रीत गाल बसत नाहीत.

मग असर उतरला की इतकं वाईट का वाटतं? कारण तुम्ही आजच्या चेहऱ्याची तुलना तीन महिन्यांपूर्वीच्या सैल चेहऱ्याशी करता. मूळ चेहरा तुम्ही पाच वर्षांत नीट पाहिलेलाच नाही. एक करा. एकोणचाळिसाव्या वर्षीचा, पहिल्या इंजेक्शनच्या आधीचा, खळखळून हसतानाचा एखादा फोटो शोधा आणि शांतपणे बघा. त्या बाईत काय कमी होतं, हे एकदा स्वतःला विचारा. मी ‘काहीच नाही’ असं आधीच ठरवून विचारत नाहीये. त्या आठीमुळे तुम्ही कायम चिडलेल्या दिसायच्या आणि ते तुम्हाला खरंच सलत होतं, असंही उत्तर येऊ शकतं. ते उत्तर मला मान्य आहे.

पण पत्रातल्या एका ओळीवर मी अडले, आणि ती पावत्यांची नाही, लग्नाची आहे. असर उतरला म्हणून तुम्ही जवळच्या माणसांच्या लग्नाला गेला नाहीत. ज्यांनी तुम्हाला लहानपणापासून पाहिलंय, त्यांच्यात जायला तुम्हाला कपाळ तयार नव्हतं असं वाटलं. इथे मला काळजी वाटते. हे एकदाच घडलं असेल तर ठीक आहे, त्या नातेवाइकांना फोन करा आणि भेटून या. पण फोटो टाळणं, दिवसातून कितीदा तरी आरशात जाऊन तीच रेघ तपासणं, बाहेर जायच्या बेतांवर पाणी सोडणं हे वारंवार होत असेल, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी एखाद्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आपल्या रूपातला एखादा बारीक दोष मनात वाढत जाऊन माणसाचा ताबा घेतो, असा एक ओळखीचा मानसिक त्रास आहे. त्यावर उपचार आहेत. इंजेक्शन हा त्याचा उपचार नाही, ते घेऊन समाधान बहुधा होत नाही आणि दोष नुसता जागा बदलतो. तुम्हाला तो आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. विचारून घ्या, एवढंच म्हणते.

आता पैशांबद्दल मोकळेपणाने बोलू. तुम्ही दर वेळी एका बैठकीचं बिल बघता आणि ते झेपतं. पण घराच्या कर्जाला शेवटचा हप्ता असतो, याला नसतो. तुम्ही आज ४४ वर्षांच्या आहात. वर्षाला तीन बैठका धरल्या तरी पासष्टीपर्यंत ६३ होतात, चार धरल्या तर ८४. वर्षाला एक पगार म्हणजे तोवर एकवीस पगार, जवळपास पावणेदोन वर्षांची नोकरी. त्यात फिलर वाढलं, दर वाढले, तर आकडा आणखी फुगेल. हे ऐकून घाबरू नका, पण कागदावर स्वतःच्या हाताने लिहा. काही बायका हा आकडा बघूनही ‘मला चालेल’ म्हणतात. त्यांचा हक्क आहे. पण तुम्ही हा आकडा कधी पाहिलाच नाही असं मला पत्रावरून वाटतं.

खर्च वाढला कसा तेही बघा. बोटॉक्सच्या माहितीपत्रकाप्रमाणे भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी २० युनिट लागतात (युनिट म्हणजे औषध मोजायचं माप). कपाळाला आणखी २०, डोळ्यांच्या दोन्ही कडांना मिळून २४. म्हणजे २० वरून ६४. एकेक जागा वाढताना प्रत्येक वेळी वाढ छोटीच वाटली असणार. आणि ‘अमुक ठिकाणी युनिट स्वस्त आहे’ या बोलण्यावर विसंबू नका. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं एकमेकांच्या बरोबरीची नसतात. ज्या आठ्यांना बोटॉक्सची २० युनिटं लागतात, त्यांना डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या तशाच औषधाची ५० लागतात.

हे सगळं तुम्ही पाच वर्षांत विचारलं नाहीत, याचं कारण तुम्ही लपवत होतात. मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. उजळ माथ्याने केलेल्या खर्चात माणूस चार ठिकाणी चौकशी करतो, घासाघीस करतो, ‘या खेपेला नको, मुलीची फी भरायची आहे’ म्हणून पुढे ढकलतो. लपवलेल्या खर्चात यातलं काही करता येत नाही. रिसेप्शनवर घाईघाईत पैसे द्यायचे, पावती पर्सच्या तळाशी सारायची, सहा बैठकांचं पॅकेज समोर आलं की पटकन हो म्हणायचं आणि कुणी ओळखीचं दिसायच्या आत बाहेर पडायचं. किती युनिटं टोचली, कुठल्या कंपनीची, बाटली समोर उघडली का, हे विचारायला तिथे थांबावं लागतं. आणि दर तीन महिन्यांनी घेतलंच पाहिजे, नाहीतर कुणीतरी फरक ओळखेल, या धाकाने तुम्ही तारखा पाळत राहिलात. असर किती उतरलाय ते बघून गेला असतात, तर यातल्या काही बैठका नक्की वाचल्या असत्या.

आणि लाज कशाची, हेही जरा तपासा. हेच औषध १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या न थांबणाऱ्या उघडझापीसाठी. कॅनडातल्या जीन कॅरुदर्स नेत्रतज्ज्ञ. पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या त्यांच्या एका रुग्ण बाईच्या लक्षात आलं की भुवयांमधल्या आठ्याही जातात. पती ॲलस्टर कॅरुदर्स त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून त्यावर काम केलं, आणि २००२ मध्ये आठ्यांसाठी मान्यता आली. आज जुनाट अर्धशिशीसाठी, काखेतल्या अति घामासाठीही तेच देतात. अर्धशिशीसाठी घेणाऱ्या बाईला कुणी ‘या वयात कशाला’ म्हणत नाही. आजार वेगळा आणि हौस वेगळी, हे मला कळतं. पण तुमच्या नणंदेसारखी माणसं एकीकडे ‘काय तजेलदार दिसतेस’ म्हणून कौतुक करतात, आणि तो तजेला कुठून आला हे कळलं की नाक मुरडतात. बाईने तरुण दिसावं, आणि त्यासाठी काही केलेलं मात्र दिसू नये, हा आग्रह अन्यायाचा आहे. त्या आग्रहापुढे तुम्ही मान खाली घालायचं कारण नाही. नणंदेला एवढंच म्हणा, ‘मला बरं वाटतं म्हणून घेते.’ जास्त खुलासा त्यांना देणं लागत नाही.

आता काय करायचं. पुढची ठरलेली तारीख रद्द करू नका, पुढे ढकला. असर पूर्ण उतरू द्या, आणि त्या चेहऱ्याने किमान दोन महिने ऑफिसात जा, लोकांत मिसळा. त्यानंतर ठरवा की तीन जागांपैकी कुठली जागा तुम्हाला खरोखर हवी आहे. माझा अंदाज आहे की ती भुवयांमधली आठीच असेल, कारण सुरुवात तिथून झाली होती. तेवढी ठेवली तर मात्रा एक तृतीयांशाच्याही खाली येईल, आणि तुम्हाला ज्या स्वस्ताईचा मोह पडला होता ती डॉक्टर न बदलता मिळेल. नवं फिलर सध्या थांबवा. रोज सकाळी सनस्क्रीन लावा, कारण चेहरा अकाली सुरकुतण्यात उन्हाचा वाटा फार मोठा असतो. सुरकुत्यांसाठी रात्री लावायच्या ट्रेटिनॉइन या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. ते गरोदरपणात चालत नाही, आणि सुरुवातीला कातडी सोलवटते. त्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात, पण खर्च इंजेक्शनच्या पासंगालाही पुरत नाही.

मुलीला खरं सांगा. तिला बहुधा सगळं ठाऊक आहे, तुम्ही काय म्हणता याची ती वाट बघते आहे. काय घेतलं, का घेतलं, किती पैसे गेले, कशाचा पश्चात्ताप होतो आणि कशाचा नाही, हे बसून सांगा. तिच्यासमोर स्वतःच्या चेहऱ्याला नावं ठेवणं मात्र आजपासून बंद करा, कारण तिचा चेहराही बराचसा तुमच्याकडूनच आलेला असणार. ‘मीही घेऊ का?’ म्हणाली तर स्पष्ट नाही म्हणा. सुरकुत्यांसाठीची ही इंजेक्शनं प्रौढांसाठी आहेत. सोळाव्या वर्षी कपाळावर जे दिसतं ती हावभावांची रेघ असते, कपाळ सैल सोडलं की जाते.

नवऱ्याच्या रागात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या तुम्ही वेगळ्या करा. पैसे लपवले, याबद्दल त्यांची माफी मागा, आढेवेढे न घेता. संसारातले पैसे पाच वर्षं गुपचूप जात होते, तर त्यांना लागणं स्वाभाविक आहे. इंजेक्शन घेतलं, याबद्दल माफी मागू नका. असं बोलून बघा: ‘मी हे तुमच्यापासून लपवायला नको होतं, ते चुकलं. मला हसतील या भीतीने लपवलं. आजवर गेले ते पैसे हे, आणि पुढे मी एवढंच करणार आहे, त्याचा वर्षाचा आकडा हा.’ कागद पुढे ठेवा. ‘मला तू आहेस तशीच आवडतेस’ असं ते म्हणाले, तर ते ऐकून घ्या, पण त्यावर लगेच ‘आता घेणार नाही’ असं कबूल करून टाकू नका. चेहरा तुमचा आहे, तिथला निर्णय तुमचा. पैसे दोघांचे आहेत, म्हणून वर्षाची मर्यादा दोघांनी मिळून ठरवा. ती ठरली की पावत्या घरखर्चाच्या बाकी पावत्यांबरोबर ठेवत जा.

तुमची,
ताई