जर्मनीत रात्रीची मजा आणि ट्रेनने एका दिवसाच्या सहली, दोन्हीसाठी कुठल्या शहरात मुक्काम करावा?

माझं मत विचाराल तर डोळे झाकून कलोन. संध्याकाळी जुन्या शहरातल्या ब्रुअरीत बसा. तिथली क्योल्श बिअर २०० मिलीच्या उभट ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलने रेघ मारतो. पुरे झालं की चकती ग्लासावर ठेवायची! तरुण गर्दी हवी असेल तर त्सुल्पिशर श्ट्रासे या रस्त्यावर जा.

सकाळी कॅथेड्रलला लागूनच असलेल्या स्टेशनवरून बॉन अर्ध्या तासावर. मला मात्र क्योनिग्सविंटर हे गाव जास्त आवडतं. तिथून १८८३पासून धावणारी दातेरी रुळांची छोटी गाडी ड्राखनफेल्स डोंगरावर नेते. वरून ऱ्हाइन नदीचं वळण बघतच राहावं. डॉइचलांड-टिकीट हा महिन्याचा पास बॉन आणि क्योनिग्सविंटरला जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांत चालतो, आयसीई या वेगवान गाड्यांत नाही.