मालेगावच्या वेढ्याचा जुना नकाशा अस्सल कसा ओळखायचा?

धुळ्यात आजोबांच्या पेटीत १८१८ च्या मालेगाव वेढ्याचा (तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी तिथल्या किल्ल्याला घातलेला वेढा) घडीचा इंग्रजी नकाशा सापडला, तो अस्सल आहे का आणि लॅमिनेट करावा का, असं तुम्ही विचारलंय.

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. आणि मे महिन्यात घड्याही उलगडू नका. आपल्याकडच्या उन्हात कागद पापडासारखा होतो, घडीच्या रेघेवरच तुटतो.

उलगडलेला भाग दहापट भिंगाखाली बघा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या नकाशात रेघ सलग आणि धारदार असते, शाई किंचित उठलेली लागते. समास कापलेला नसेल तर चौकटीबाहेर पत्र्याच्या कडेचा दबलेला ठसाही सापडतो. डोंगर उताराच्या बारीक रेघांनी दाखवलेले असतील तर ते त्या काळाला धरूनच आहे.

मग कागद उजेडासमोर धरा. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदाच्या जलचिन्हात (कागद बनवतानाच उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण) बऱ्याचदा साल असतं. १८२० आलं तर घाबरू नका, लढाई आधी, छपाई नंतर. इंग्रज लष्करी अधिकारी व्हॅलेंटाइन ब्लॅकर यांचा या युद्धावरचा ग्रंथ १८२१ साली लंडनला निघाला, सोबत नकाशांचा वेगळा खंड होता. अशा खंडांतली पानं सुटी करून विकली जातात, म्हणून डाव्या कडेला शिवणीची भोकं दिसली तर तो दोष समजू नका. पण १८४० आलं तर ती नंतरची प्रत. साल नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

मजकूरही तपासा. त्या काळी खान्देशाचं नाव बहुधा 'सी' या अक्षराने लिहीत. किल्ला मोसम नदीच्या काठावर हवा, गिरणा जवळच. उत्तर दिशा वरच असेल असं धरू नका, बाण शोधा. मोजपट्टीवरचं अंतर आजच्या नकाशाशी जुळत नसेल, तर मूळ मोजणीतली चूक असू शकते. छोटी केलेली नक्कल असेल तर पट्टीही सोबतच आकसते, म्हणून त्यावरून नक्कल ओळखू येत नाही.

पावसाळ्यात, हवा दमट असताना, एकेक घडी उलगडून दोन टिपकागदांमध्ये ठेवा, वर सपाट काच, दोन दिवस. हाताने भरलेला रंग असेल तर पाणी लावू नका, रंग पसरू शकतो. फाटलं असेल तर सेलोटेप नको, जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. पूर्ण कोरडा झाल्यावरच पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवा, नाहीतर बुरशी धरते.