नाशिकमध्ये पहिल्यांदाच स्टँड-अप कॉमेडीचा शो बघायला जायचंय. आई-बाबांना सोबत नेऊ का? आणि पुढे बसलं तर खरंच टर उडवतात का?

आई-बाबांना न्या, पण ओपन माइकला, म्हणजे अनेक कलाकार थोडा-थोडा वेळ घेऊन कच्चे विनोद आजमावतात त्या शोला, नको. आणि पुढे बसलात तर तुमच्याशी बोलतात, हे खरं. टर किती उडेल ते बरंचसं तुमच्या उत्तरावर अवलंबून असतं.

आधी शो कुठला ते बघा. मुंबई-पुण्याचा नाव झालेला कलाकार कालिदास कलामंदिरात येतो, तेव्हा तो त्याचा घोटून घोटून पक्का झालेला तासाभराचा कार्यक्रम असतो. खुर्च्या नाटकाच्या, अंतर नाटकाचं. एकपात्री प्रयोग बघत मोठ्या झालेल्या पिढीला तिथे काहीच परकं वाटणार नाही. दुसरा प्रकार ओपन माइकचा, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात, एखाद्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर. तिकीट साधारण शंभर-दोनशेच्या घरात, जिना अरुंद, खुर्च्यांना कधी पाठ असते कधी नसते. तुमच्या बाबांचे गुडघे कसे आहेत मला माहीत नाही, पण विचार करून ठेवा. ओपन माइकमध्ये शिव्याही येतात आणि हनिमूनचे विनोदही. आईच्या शेजारी बसून ते ऐकताना तुम्ही समोरच्या पंख्याची पाती मोजत बसाल. तिकिटावर १८+ लिहिलंय का बघा. कार्यक्रम मराठी आहे की हिंदी-इंग्रजी मिसळ, हे आयोजकांना इन्स्टाग्रामवर विचारलं की सांगतात.

तुम्ही स्वतः मात्र कॅफेतल्या शोलाच जा, असं माझं ठाम मत आहे. इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये दिसतो तो निवडून घेतलेला मिनिटभराचा तुकडा. ओपन माइकला तो विनोद कच्चा असताना भेटतो. एकेकाला चार-पाच मिनिटं मिळतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतं. टॉर्च दिसल्यावर काही जण दुप्पट वेगाने बोलायला लागतात, तेव्हा नवखा कोण ते लगेच कळतं. होस्ट, म्हणजे सूत्रसंचालक, मधल्या वेळात खोली गरम, म्हणजे लोकांना हसतं ठेवतो. दहा जणांत दोघं-तिघं खरंच हसवतात, चार-पाच ठीक असतात, उरलेले साफ पडतात. पडणाऱ्याकडे बघणं सुरुवातीला जड जातं, पण तेही तिकिटातच आलं.

सातपूरकडच्या एका मुलीचं उदाहरण देतो. विषय द्राक्षबागायतदाराचं स्थळ आणि अवकाळी पाऊस. विनोद इथे फोडत नाही, तो तिचा आहे आणि अजून ती तो वापरते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अवकाळीने बागेचं काय होतं हे समजावण्यातच तिचं अर्धं मिनिट गेलं. नाशिकमध्ये हे कुणाला समजवायचं? लोक नुसते माना डोलवत होते. पुढे कधीतरी तोच विनोद दुसऱ्या कॅफेत ऐकला, तर समजावणीचा भाग गायब. मुलाकडच्यांनी आभाळाकडे बघितलं, एवढ्यावरच खोलीत हशा फुटला. पुण्यात बहुधा तिला ते अर्धं मिनिट परत घालावं लागेल. त्याच संध्याकाळी एका मुलाने लोकल ट्रेन आणि मुंबईतल्या घरभाड्यावर सेट, म्हणजे त्याच्या वाट्याचा कार्यक्रम, केला, मांडणी अगदी व्यवस्थित, आणि कुणी हललंसुद्धा नाही. आपल्याकडे पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक त्याच्या हाताशी होते की! सिडकोत निम्मी गल्ली खानदेशची, अहिराणीत एक वाक्य टाकलं असतं तरी मागची रांग त्याची झाली असती.

आता पुढे बसण्याचं. होस्ट पहिल्या दोन रांगांना विचारतो, कुठून आलात, काय करता, सोबत कोण. यालाच क्राउडवर्क म्हणतात. त्याचा हेतू तुम्हाला उघडं पाडण्याचा नसतो, त्याला धरायला एक दोरी हवी असते. एकदा पहिल्या रांगेतल्या एका काकांनी सांगितलं, नाशिक रोडला, नोट प्रेसमध्ये आहे. होस्ट खूश. म्हणाला, "मग तिकीट कशाला काढलंत, घरून छापून आणायचं!" काका शांतपणे म्हणाले, "छापायला हरकत नाही, गेटवर झडती होते." त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा त्यांना मिळाला. (हे सांगायला हरकत नाही, कारण ते कुणाच्या सेटमधलं नव्हतं.) वाईट एवढंच झालं, की त्यानंतर आलेल्या मुलाचे पहिले तीन विनोद वाया गेले, लोक अजून काकांवरच हसत होते.

तेव्हा छोटं आणि खरं उत्तर द्या. विनोद करायला गेलात तर फसाल. गप्प बसून खाली बघितलंत तर पुढचा प्रश्नही तुम्हालाच येईल. अगदीच नको असेल तर तिसऱ्या-चौथ्या रांगेत कडेला बसा. सगळ्यात मागे मात्र नको. लोक मागे पसरले आणि मधल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या की खोली थंड पडते, म्हणून आयोजक हाताला धरून पुढे आणतात. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. खांद्याला खांदा लागेल अशा खुर्च्या मांडण्यामागे जागेची टंचाई असतेच, पण हेही असतं.

कलाकारामागे कागदाची नाहीतर खरी विटांची भिंत दिसेल. ती न्यूयॉर्कच्या द इम्प्रॉव्हची देणगी. १९६३ मध्ये बड फ्रीडमन यांनी तो क्लब सुरू केला तेव्हा भिंतीवरचं जुनं आवरण काढलं, आत विटा निघाल्या आणि गिलावा करायला पैसे नव्हते. पुढे जगभरच्या क्लबांनी मुद्दाम विटा लावल्या. लंडनचं द कॉमेडी स्टोअर २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला आलं. तिथून इथवर, म्हणजे नाशिकच्या कॅफेपर्यंत यायला तशी फार वर्षं लागली नाहीत.

बाकी किरकोळ. वेळेवर पोचा, उशिरा शिरणाऱ्याला सुट्टी नसते. खाण्याची ऑर्डर आधीच द्या, नाहीतर विनोदाची नेमकी हशाची ओळ आली की खाली मिक्सर सुरू होतो. रेकॉर्डिंग करू नका. कच्चा विनोद बाहेर गेला की त्या माणसाची महिन्यांची मेहनत संपते. शो संपेपर्यंत दहा-साडेदहा होतात. नाशिक रोड किंवा अंबडकडे राहत असाल तर परतीची सोय आधीच बघून ठेवा, कारण त्या वेळी शेअर रिक्षा मिळेलच असं नाही आणि मिळाली तर भाडं रिक्षावाला ठरवतो.